आक्कावाट

मांजरेच्या काठी करडवाडी नावाचं एक लहानसं गाव आहे. गावाच्या शिवाराला कडेकडेनं वळसा घालणारी एक पांढुरकी पायवाट आहे. कुणाच्या ज्वारीच्या बांधावरून, कुणाच्या हरभऱ्याच्या वाफ्याला खेटून ती जाते. शेतं विकली गेली, वाटण्या झाल्या, पण या वाटेवर आजवर कुणी नांगर घातलेला नाही. तिला आक्कावाट म्हणतात.

वेळाअमावास्येला, म्हणजे इकडच्या बोलीत येळवशीला, इथं बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला नवल वाटतं. आसपासच्या गावांत त्या दिवशी पाहुण्याची सुटका नसते. प्रत्येक शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटं, कोपीत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव, समोर आंबिलीचं मडकं, आणि जेवणाचा आग्रह तर असा की दुपारनंतर माणसाला बांधावरच आडवं व्हावं लागतं. करडवाडीत मात्र कुणी आग्रह करत नाही. का करत नाही, ते नागनाथआप्पा बिराजदार पाहुण्यांना या वाटेवर उभं करून सांगतात. त्यांना त्यांच्या आजीनं सांगितलं, आजीला तिच्या सासूनं.

फार जुनी गोष्ट. शांतव्वा नावाची एक बाई या गावात नांदत होती, असं सांगतात. तिचं माहेर नदीपलीकडं. माहेरी आईबाप नव्हते, पाठचा एकच भाऊ होता, मल्लण्णा. आई गेली तेव्हा तो रांगत होता, अन् त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. शांतव्वा तेव्हा परकर नेसणारी पोर. तिनं त्या भावाला कडेवर घेऊन दारोदार पीठ मागितलं आणि जगवलं. भाऊ तिला आक्का म्हणायचा. पुढं सगळं गावच तिला आक्का म्हणू लागलं.

दिवस पालटले. आक्काच्या सासरी ज्वारीची कणगी भरलेली, गोठ्यात दुभतं. दर येळवशीला मल्लण्णा नदी उतरून यायचा, आणि त्याच्यासाठी आक्का आधीपासून राबायची. तुरीचे, वाटाण्याचे कोवळे दाणे सोलून भज्जी शिजवायची. बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी, लसणाची फोडणी दिलेली आंबील. तिच्या भज्जीचा वास ओढ्यापलीकडच्या शेतात जायचा म्हणे.

मल्लण्णा जेवायला बसला की आक्का पळी घेऊन समोर उभी. त्यानं हात आडवा धरला की तिचा चेहरा उतरायचा.

"पोट भरलं आक्का."

"माझी शपथ हाय तुला. एवढा उंडा खा."

शपथ घातल्यावर भाऊ काय बोलणार? तो खायचा. जेवून कोपीच्या सावलीत झोपायचा, दिवस कलला की उठून गावी जायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं. मल्लण्णाचं अंग सुटलं, चढ चढताना धाप लागू लागली. त्याच्या गावच्या वैद्यानं सांगितलं, पोटाला जरा विसावा दे, जेवून चालत जा. त्यानं ते आक्काला सांगितलंही. आक्का म्हणाली, "येळवस वर्षातनं एकदा येती. वैद्याचं उद्या ऐक."

त्या वर्षी पीक उदंड आलं होतं. आक्काचा भाऊ म्हणून शेजारपाजारच्या शेतांतही त्याला बोलावलं, आणि तिथंही शपथा पडल्या. शेवटी तो पुन्हा आक्काच्या कोपीत आला तेव्हा तिनं तुपात भिजवलेली पोळी त्याच्या पुढ्यात ठेवली. तो खाली बसला. दोन घास खाल्ले, आणि छातीला हात लावून कलंडला. अंगाला दरदरून घाम, ओठ काळेनिळे.

गाडी जुंपून त्याला घरी आणलं. आक्का गाडीमागून पळत आली. वैद्य आला, नाडी बघून म्हणाला, "हातात काही नाही." तेव्हा आक्का गावच्या महादेवापुढं गेली आणि पिंडीला दोन्ही हात लावून बोलली, "देवा, माझा भाऊ उठू दे. पुन्हा माझ्या तोंडून घासासाठी शपथ निघणार नाही."

मल्लण्णा उठला. भाताच्या पेजेवर, मुगाच्या कढणावर हळूहळू सावरला, काठी धरून अंगणात फिरू लागला, मग एके दिवशी गाडीत बसून आपल्या गावी गेला. जाताना आक्काकडं त्याला बघवेना, आणि तिलाही त्याच्याकडं.

पुढच्या येळवशीला तो आला नाही. आक्कानंही रानात चूल पेटवली नाही. सगळ्या शिवारातून धूर निघत होता, पोरं आंबील शिंपत ओरडत पळत होती, आणि आक्का घरात भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिची सासू गंगव्वा मोठी कमी बोलणारी बाई. तिनं एवढंच म्हटलं, "अगं, तू शपथ सोडली होतीस. सण सोडायला कुणी सांगितलं?"

ते वाक्य आक्काच्या मनात वर्षभर घोळत राहिलं. पुढची येळवस जवळ आली तशी ती एकटी नदी उतरून माहेरी गेली. मल्लण्णा ओसरीवर दोर वळत बसला होता. आता अंगानं हलका झाला होता.

"येतोस का?" तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

"आक्का, तू वाढणार, अन् मला न्हाई म्हणवत न्हाई."

"पोट भरलं की तू 'पावलं' म्हण, सगळं पोचलं म्हणून. तेवढं ऐकलं की माझा हात थांबंल. न्हाई थांबला, तर पुन्हा येऊ नकोस."

मल्लण्णा आला. आक्कानं सगळं रांधलं होतं, काही म्हणजे काही गाळलं नव्हतं. पानात प्रत्येकातलं थोडं थोडं वाढलं. तो सावकाश जेवला, भज्जीची चव घेत, खिरीला नावाजत. आक्का पळी भरून पुढं झाली, तेव्हा त्यानं हात जोडले.

"पावलं, आक्का."

पळी वरच्या वर राहिली. सांगतात की भज्जीचे थेंब तिच्याच पायावर पडत होते. मग तिनं पळी मडक्यात परत ठेवली आणि हात जोडले. भावाचं पोट भरलं आहे, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा मानलं.

मल्लण्णा झोपायला गेला नाही. म्हणाला, "इतकी वर्षं आलो, पण तुझं शिवार काही बघितलं न्हाई. चल, दाखव."

दोघं बांधानं निघाली. करडई काटेरी झाली होती, हरभरा घाट्यावर आला होता. जाताजाता कुणी आंबिलीचा घोट दिला तर घेत, कुणी बोरं दिली तर खात, ती चालत राहिली. लहानपणीच्या गोष्टी निघाल्या. पडक्या विहिरीतली कबुतरं, आईच्या लुगड्याचा रंग. चालता चालता मल्लण्णानं विचारलं, "आक्का, दुष्काळात तू मला भाकरी द्यायचीस. अन् म्हणायचीस, मी खाल्लंय. तू काय खायचीस गं?"

आक्कानं बांधावरच्या तरवडाच्या झुडपाकडं बोट केलं. मग म्हणाली, "तरवडाचा पाला. उकडून. अन् कधी तू झोपल्यावर नुसतं पाणी."

मल्लण्णा बांधावरच बसला. लहान पोरासारखा रडला. मग उठला, तिचा हात धरून तिला कोपीपाशी परत घेऊन आला आणि तिच्यापुढं पान मांडलं. कारण येळवशीला आक्का कधी बसून जेवलीच नव्हती. वाढून वाढून दमायची आणि उरलंसुरलं घरी जाऊन खायची. त्या दिवशी भावानं वाढलं, तीही थोडं थोडं, आणि "पावलं" म्हणेपर्यंत तो समोरून हलला नाही.

त्यानंतर दर येळवशीला ती दोघं शिवाराला वळसा घालू लागली. ज्याच्याबद्दल वैद्यानं हात टेकले होते, त्यानं नातवंडांची लग्नं पाहिली. आक्का आधी गेली. त्या वर्षी म्हातारा मल्लण्णा एकटाच वाटेवर निघाला, तेव्हा शेताशेतातून माणसं उठली आणि त्याच्यामागून चालू लागली. वाट तेव्हाच पडली, असं सांगतात.

आजही करडवाडीत येळवशीचं जेवण साग्रसंगीत होतं, एकही पदार्थ कमी नसतो. पण पहिला घास रांधणारीनं घ्यायचा, मग बाकीच्यांनी. पाहुणा "पावलं" म्हणाला की वाढणारी हात जोडते. आणि ऊन कललं की माहेरवाशिणी आपापल्या भावांना घेऊन आक्कावाटेला लागतात. लांबून बघितलं तर पिवळ्या करडईतून जोड्या जोड्यांनी चाललेली माणसं दिसतात, आणि वाऱ्यावर त्यांचं बोलणं ऐकू येतं. दिवेलागणीला त्या घरी येतात, तेव्हा काय जेवलीस असं कुणी विचारत नाही. आई विचारते, "भावाशी काय बोललीस?"