तारलीच्या थव्यातली राणी

एका राज्यात, जिथे समुद्र थेट राजवाड्याच्या पायरीला लागे, हेमांगी नावाची राणी होती. मोठी शूर, पण मानी अशी की चालायची सदा सर्वांच्या पुढे. मागे वळून पाहणे तिला ठाऊकच नव्हते. लाडकी लेक चारुलेखा पदराचे टोक धरून मागून दुडूदुडू धावे, तेवढीच काय ती मागची खबर.

एके दिवशी समुद्रपूजेची मिरवणूक किनाऱ्यावर आली आणि पदराला हिसका बसला. राणीने वळून पाहिले. सारी प्रजा मिठाची झाली होती! चारुलेखाही मिठाची, मुठीत पदर तसाच. राणीच्या काळजाचे पाणी झाले.

खडकावर कालदंष्ट्र जादूगार उभा होता. "राणी, भरती आली की हे सारे विरघळतील. त्याआधी तीन गोष्टी कर. न चावता पोट भर. पुढे न जाता वाट दाखव. शस्त्रावाचून शत्रूला हरव. न जमल्यास राज्य माझे."

"मान्य आहे," राणी म्हणाली. पण करायचे कसे?

तेवढ्यात एक कुरव पक्षी घिरट्या घालत आला आणि बोलला, "राणीसाहेब, या तिन्ही गोष्टी तारली मासे रोज करतात. जन्मभर मी त्यांच्यावरच जगलो, मला विचारा. हा त्यांचा खवला जिभेखाली धरा. चुकून मीच आपल्याला गिळले, तर राग नसावा."

राणीने पदर फाडून सोडवला, खवला जिभेखाली धरला आणि उडी घेतली. झाली की वीतभर तारली!

भुकेने ती पाण्याला चावे घेत सुटली. दातच नव्हते, तर काय होणार? शेजारणी मात्र आ वासून पोहत होत्या. पाणी तोंडातून शिरे, कल्ल्यांतून निघे आणि मधल्या बारीक चाळणीत डोळ्यांना न दिसणारे जीव अडकत. राणीनेही आ वासला. पोट भरले.

मग सवयीप्रमाणे ती सुळकन पुढे झाली. थवा वळला, आणि सर्वांत पुढची राणी एकटीच मागे पडली! ओशाळून ती मधोमध शिरली. तिथे शेजारणीची हालचाल पाण्यातून थेट तिच्या कुशीला कळू लागली. इतक्या जणी, आणि कुणीच राणी नाही, याचे तिला मोठे नवल वाटले.

पहिली गोष्ट साधली हे पाहून कालदंष्ट्र चवताळला. अजस्र मुशी माशाचे रूप घेऊन, जबडा पसरून तो आला. पाण्याचा धक्का आधी राणीच्याच कुशीला लागला. ती वळली. शेजारीण वळली, तिची शेजारीण वळली, आणि पापणी लवते न लवते तोच सारा थवा वळला. लाखो रुपेरी कुशींवर ऊन लखलखले. जादूगाराचे डोळे दिपले. आंधळ्यासारखा तो सुसाट वाळूवर जाऊन आपटला आणि तिथेच गतप्राण झाला.

खवला थुंकताच राणी पुन्हा माणूस झाली आणि तिने धावत किनारा गाठला. भरतीची लाट चारुलेखाच्या पावलांना भिडत होती. मीठ विरघळले, आणि आतून गुलाबी पावले निघाली, मूठ निघाली, हसरा चेहरा निघाला! सारा किनारा जयजयकाराने दणाणला. राणी सर्वांदेखत रडली.

शाप फिटला, राज्य नांदते झाले. कुरवाला दरबारात मान मिळाला. तारली खाणे मात्र त्याने सोडले नाही.

मिरवणूक पुन्हा निघाली, तेव्हा छत्रधारी म्हणाला, "राणीसाहेब, पुढे चलावे."

राणी लेकीचा हात धरून गर्दीच्या मधोमध चालू लागली. ती राजवाड्याकडे वळली, शेजारचे वळले, आणि सारी मिरवणूक वळली.

चारुलेखाने मूठ उघडली. आत पदराचा फाटका तुकडा होता. "आई, याचे काय करू?"

"टाकून दे, बाळ," राणी म्हणाली. "आता तुला माझ्यामागे धावायचे नाही."