मुंगीचा दाणा आणि ओट्याची उंची

ही मुंगी. एवढीश्शी!
तिच्या डोक्यावर साखरेचा दाणा. केवढा थोरला!
घरी बाळमुंगी भुकेली. मुंगी निघाली. टुकुटुकु टुकुटुकु.

स्वयंपाकघरात आले मिस्त्रीकाका. जुना ओटा काढायचा. नवा काळा चकचकीत ओटा बसवायचा. त्याचं माप घ्यायला आले.
मिस्त्रीकाकांनी टेप ओढली. सर्रर्र!
टेपचं टोक जमिनीवर आलं. खट्!
मुंगी पळाली. दाणा राहिला. टेपखाली!

"टेप टेप, सरक ना!"
टेप म्हणाली, "मी नाही सरकणार जा! मला धरलंय मिस्त्रीने. तो सोडेल तर सरकेन."

टुकुटुकु टुकुटुकु. मुंगी चढली मिस्त्रीच्या बुटावर.
"मिस्त्री मिस्त्री, टेप सोड ना!
टेप सरकेना,
माझा दाणा मला मिळेना!"
मिस्त्री म्हणाला, "मी नाही सोडणार जा! ओटा हवा कोपराच्या खाली. पण कोणाच्या कोपराच्या? वहिनी सांगतील तर सोडेन."

टुकुटुकु टुकुटुकु. दारात उभी केतकीवहिनी. घरातली नवी सून. उंच उंच!
"वहिनी वहिनी, सांग ना!
मिस्त्री सोडेना,
टेप सरकेना,
माझा दाणा मला मिळेना!"
वहिनी हळूच म्हणाली, "मी नाही सांगणार जा! आईंना वाटेल, आली नि लागली उंची सांगायला! आई बोलतील तर सांगेन."

टुकुटुकु टुकुटुकु. बाहेर सासूबाई शेंगा सोलत होत्या. बुटक्या बुटक्या!
"सासूबाई सासूबाई, बोला ना!
वहिनी सांगेना,
मिस्त्री सोडेना,
टेप सरकेना,
माझा दाणा मला मिळेना!"
सासूबाई म्हणाल्या, "मी नाही बोलणार जा! ओटा माझ्याएवढा केला नि तिची पाठ दुखली, तर? हे बोलतील तर बोलेन."

टुकुटुकु टुकुटुकु. 'हे' म्हणजे सासरेबुवा. पेपरामागे होते.
"सासरेबुवा सासरेबुवा, बोला ना!
सासूबाई बोलेनात,
वहिनी सांगेना,
मिस्त्री सोडेना,
टेप सरकेना,
माझा दाणा मला मिळेना!"
सासरेबुवा म्हणाले, "मी नाही बोलणार जा! मी कधी ओट्याशी उभा राहिलोय? निनाद बोलेल तर बोलेन."

टुकुटुकु टुकुटुकु. निनाददादा म्हणजे वहिनीचा नवरा. सोफ्यावर आडवा. पाय लांब, हातात मोबाइल.
"दादा दादा, बोल ना!
सासरेबुवा बोलेनात,
सासूबाई बोलेनात,
वहिनी सांगेना,
मिस्त्री सोडेना,
टेप सरकेना,
माझा दाणा मला मिळेना!"
दादा म्हणाला, "शूऽऽ! मॅच चाललीय. मी नाही बोलणार जा!"

आता? आता कोणाकडे जायचं?
मुंगीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. समोर दादाचा अंगठा. गोल गुबगुबीत!
मुंगी चावली. कच्चकन्!

"आई गंऽऽ!" दादा उडाला. धप्प!
"बोलतो, बोलतो! भांडी मी घासतो. सिंक माझ्या उंचीचं करा. पण या मुंगीला आवरा!"

दादा बोलला, तसे सासरेबुवा बोलले, "बरं, भाजी मी चिरतो."
सासरेबुवा बोलले, तशा सासूबाई बोलल्या, "अगंबाई! ऐकतेयस ना केतकी? तूही सांग. मी नाही हो रागावत."
सासूबाई बोलल्या, तशी वहिनी म्हणाली, "काका, एक ओटा करा बुटका. तिथे शेगडी. आईंच्या कोपराखाली. एक करा उंच. तिथे सिंक. आमच्या कोपराखाली."
"हात्तिच्या! एवढंच ना?" मिस्त्री हसला. सगळ्यांना तिथेच टेपशी उभं करून कोपरं मापली. मापून झालं नि त्याने टेप सोडली.
सर्रर्र! टेप सरकली. खट्! डबीत शिरली.

जमिनीवर दाणा. पांढराशुभ्र!
मुंगीने उचलला. डोक्यावर घेतला.
टुकुटुकु टुकुटुकु. मुंगी घरी.

बाळमुंगी म्हणाली, "आई, एवढा उशीर?"
मुंगी म्हणाली, "काय करू बाई! मोठी माणसं बोलतच नव्हती. खा आता."
कुटुम कुटुम. कुटुम कुटुम.
गोड, गोड, गोड!