जिथे लॅपटॉप, तिथे मस्टर

दूध संघाच्या धामणकर साहेबांनी हेडक्लार्क कुमुदबाईंच्या हातात लॅपटॉप ठेवून बजावलं, "जिथे लॅपटॉप, तिथे ऑफिस. आता सबबी चालायच्या नाहीत." लगेच रविवारी भाचीच्या हळदीतून उठवून बाईंकडून अहवाल करून घेतला.

सोमवारी बाई साडेदहाला आल्या, तर साहेब हजेरीचं मस्टर शोधत दारातच उभे.

"ऑफिस दहाला सुरू होतं, बाई."

"झालं ना. दहाला ते एस.टी.त होतं, माझ्या मांडीवर." बाईंनी लॅपटॉपच्या बॅगेतून मस्टर काढून शांतपणे त्यांच्यापुढे धरलं. "मी वेळेवर सही केली. तुम्ही काही तिथे दिसला नाहीत, म्हणून तुमच्या नावापुढे लाल शाईने लेटमार्क मारलाय."