विझवलेली चूल

एकदा एक हलवायाचा मुलगा वसईच्या एका वृद्ध खानसाम्याकडे पाककला शिकायला राहिला. मुलाचे नाव मोरेश्वर, खानसाम्याचे इनासबाबा. मोरेश्वराच्या घरी बासुंदी पिढीजात. पदार्थ दाट हवा तर आटवत बसावे, हेच त्याच्या हाडीमाशी खिळलेले.

एके दिवशी केळ्यांचे व्यापारी चुरीशेठ जेवायला येणार होते. त्यांची कन्या हेमांगी मोरेश्वराला मनापासून आवडली होती, आणि तिलाही तो. शेठ म्हणाले होते, "आधी त्याच्या हातचं गोड खाऊन बघतो, मग बोलू." म्हणजे बिचाऱ्याचे अवघे भाग्य त्या दिवशी पातेल्यात होते!

केकवर ओतायचे पातळ कस्टर्ड करायचे ठरले. मोरेश्वराने अंड्यांचे बलक साखरेत घोटले, त्यात कढत दूध धारेने घातले आणि मंद आचेवर तो पळी फिरवू लागला. मिश्रण पळीला जेमतेम चिकटू लागले तोच बाबा म्हणाले, "झालं. उतरव."

"छे हो बाबा, हे तर पाणीच आहे!"

असे म्हणून तो आटवत राहिला. बघता बघता सगळ्याच्या गुठळ्या झाल्या. मोरेश्वराने कपाळावर हात मारला. बाबा मात्र खो खो हसले.

"रडतोस काय? पुन्हा कर."

दुसऱ्यांदाही मिश्रण पळीला चिकटले, आणि दुसऱ्यांदाही पोराचा हात थांबेना. तेव्हा म्हाताऱ्याने चुलीतली जळती लाकडे ओढून सरळ पाण्याच्या बादलीत बुडवली.

"बाबा! अहो, घात केलात माझा!"

"अरे वेड्या, बासुंदीला आच शेवटपर्यंत लागते. याला द्यायची तेवढी ऊब तू दिलीस. आता गार होता होता ते आपलं आपण दाट होईल. आपलं काम झालं की बाजूला व्हावं, पोरा. ज्याला ते जमत नाही, त्याच्या हातून चांगलं झालेलंही नासतं."

आणि झालेही तसेच. कस्टर्ड निवले तेव्हा सायीसारखे मऊ, दाट झाले होते.

जेवणाच्या शेवटी शेठनी कस्टर्ड घातलेल्या केकचा पहिला घास घेतला आणि ते सावकाश चव घेऊ लागले. मोरेश्वराच्या ओठांवर किती गोष्टी आल्या: आपण किती कष्टाळू, हेमांगीला किती सुखात ठेवू! त्याने तोंड उघडले, बाबांकडे पाहिले आणि मिटले. कस्टर्डचे भांडे शेठच्या पुढ्यात ठेवून तो मागे सरला.

शेठनी स्वतःच भांडे उचलले आणि उरलेले सगळे आपल्या केकवर ओतले.

"बाबा, मुलगा फारसा बोलत नाही वाटतं?"

"आजच शिकलाय," बाबा म्हणाले.

"बरंच झालं! आमच्या हेमाच्या बडबडीला असाच लागतो. बोला, पंचांग कधी उघडायचं?"

मोरेश्वर धावत येऊन बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याला खांद्याला धरून उठवले. "अरे, माझ्या काय पडतोस? आधी सासऱ्याच्या पड!"