सांडलेल्या बोरांची वाट

एका जंगलात आठ पावसाळ्यांनंतर परत येताना एका खारीला वाटले होते की ओढा ओलांडताच मोहाच्या फुलांचा वास येईल, अर्जुनाच्या झाडाखाली सगळे शेजारी ढोलीकडे पाठ करून बसलेले दिसतील आणि आपणही गुपचूप त्यांच्यात जाऊन बसू. प्रत्यक्षात तिला दिसल्या त्या बाभळीच्या काट्या. ढोलीच्या तोंडावर त्या आडव्यातिडव्या रचलेल्या होत्या, आणि शेजारी उभा राहून कोल्हा एका सशाला विचारत होता, "पाय दाखव. लंगडतोस म्हणतोस, मग चालून दाखव. अजून लंगड बघू!"

मुलांनो, अर्जुनाच्या खोडातली ही ढोली म्हणजे त्या जंगलाचा मोठा आधार होता. सुगीच्या दिवसांत प्रत्येक प्राणी आपल्या खाण्यातले थोडे तिच्यात टाकत असे. कोणी वाळलेली बोरे, कोणी मोहाची फुले, कोणी चारोळ्या. उन्हाळ्यात ज्याच्याकडे काही नसे, तो तिथून आपल्यापुरते नेई. तो आला की बाकीचे सारे पाठ फिरवून बसत. कोण आले, किती नेले, हे पाहायचे नाही, अशी रीत होती. खार लहान असताना हळूच मान वळवून बघे, तेव्हा तिची आई शेपटीने तिचे डोळे झाकत असे. नदीपलीकडच्या डोंगरात, म्हाताऱ्या घुबडाच्या शाळेत शिकताना खारीला अनेकदा त्या शेपटीचा मऊ अंधार आठवे. "आमच्याकडे असं असतं," असे ती अभिमानाने सांगे, आणि घुबडगुरुजीही पुस्तक मिटून ऐकत राहत.

त्या दुपारी झाडाखाली सभा भरली होती. ढोली पुढे चालू ठेवायची की नाही, यावर वाद पेटला होता.

"मी दिवसभर नाक झिजेपर्यंत जमीन उकरतो," रानडुक्कर म्हणाले. "यंदा माझ्याच पोराबाळांना पुरत नाही. मी टाकायचं आणि दुसऱ्यांनी बसून खायचं, हे किती दिवस चालणार?"

"माझा कोणावर राग नाही," कोल्हा शांतपणे म्हणाला. "पण वाया किती जातं ते बघा ना! ती सायाळआजी. तोंडात दात नाहीत, डोळ्यांना दिसत नाही. चार बोरं नेते, त्यातली दोन वाटेत सांडते. अशी गळती असेल तर ढोली भरून उपयोग काय? माझं म्हणणं सोपं आहे. जो टाकील, त्यानंच काढावं. उद्या सकाळी ठराव करू आणि बाकीच्यांसाठी काट्या कायमच्या बसवू."

खारीला राहवले नाही. ती फांदीवर चढली आणि बोलू लागली. न्याय, समता, कर्तव्य, भावी पिढ्या असे शाळेत शिकलेले सगळे शब्द तिने एका दमात सांगितले. बोलणे संपले तेव्हा रानडुकराने मोठी जांभई दिली.

"खारूताई, छान शिकून आलीस हो," ते म्हणाले. "पण एवढ्या लांब भाषणातून खायला एक बोरसुद्धा पडलं नाही."

सगळे हसले. खारीचे कान लाल झाले. मागे बसलेली म्हातारी सायाळ तेवढी हसली नाही. ती काटे सावरत उठली आणि म्हणाली, "माझ्यापायी भांडू नका रे बाबांनो. मला वगळा. पाला खाऊन निभेल माझं."

बोर चघळता तरी येते, पण दात नसलेल्या तोंडाने पाला कसा चावणार? हे सगळ्यांना ठाऊक होते. पण खारीच्या लक्षात आले की त्या वेळी सगळ्यांनी आजीकडे पाठ फिरवली होती. रीत तीच दिसत होती, पण तिच्यातली माया निघून गेली होती.

ऊन उतरल्यावर खार सायाळआजीला घरी पोचवायला निघाली. तिला ती वाट आठवत होती. लाल मुरुमाची, उघडीबोडकी. लहानपणी पाय भाजायचे म्हणून ती तिथे उड्या मारत चाले. आता मात्र तिच्या अंगावर सावली पडली. आजी एकेका खोडाला नाक लावत पुढे जात होती. "ही बोर. ही पुढची पण बोर. हे चारोळीचं झाड, अजून लहान आहे. आणि हा आवळा आला म्हणजे माझं घर आलं."

"आजी, इथे तर एकही झाड नव्हतं!" खार थांबली. "कोणी लावली ही?"

"लावतंय कोण? मला दिसत नाही आणि तोंडात काही राहत नाही. सांडलेलं पाऊस पडला की उगवतं, झालं. मला खोडांवरून वाट सापडते, तेवढंच बरं." आजी थोडी ओशाळून हसली. "कोल्होबा म्हणतो ते खोटं नाही गं. सांडतं माझ्याकडून."

खार बराच वेळ त्या वाटेवर बसून राहिली. वर बोरीच्या फांद्यांवर हंगामातली शेवटची बोरे पिकली होती.

सकाळी सभेला सगळे जमले, तेव्हा खार फांदीवर चढली नाही. ती एवढेच म्हणाली, "अर्जुनाची पानं गळलीत, इथे ऊन फार होतंय. बोरींच्या सावलीत बसायचं का?" हे सगळ्यांनाच पटले. रानडुकराने तिथली एक बोर आपली मानली होती. तिच्या खोडाला पाठ घासत त्याने खाली पडलेली दोन बोरे तोंडात टाकली.

"डुक्करदादा, ही बोर तुम्ही लावली का?" खारीने विचारले.

"मी कशाला लावतो? रानात आपोआप उगवतं."

"मग फक्त या एकाच वाटेवर का उगवलं? पलीकडे बघा, सगळा मुरूम आहे."

रानडुकराने चावणे थांबवले. तेवढ्यात ढोलीच्या बाजूने सायाळआजी आली. खारीने पहाटे एक काटी बाजूला करून तिच्यासाठी चार बोरे काढून ठेवली होती, ती घेऊन आजी आता घरी निघाली होती. सभा इथे भरली आहे, हे आजीला ठाऊक नव्हते. ती खोडांना नाक लावत, नेहमीसारखी हळूहळू चालत होती. तिच्या तोंडातून एक बोर गळून पडले. ते गडगडत रानडुकराच्या पायाशी येऊन थांबले. आजीला कळले नाही. ती पुढे गेली.

कोल्हा म्हणाला, "बघितलंत? मी म्हणत होतो ना, सांडतं!"

"गप रे," रानडुक्कर पुटपुटले. त्याने ते बोर हुंगले. मुलांनो, या प्राण्याने जन्मभर नाकाने जमीन उकरूनच काढली होती. त्या सकाळी त्याने पहिल्यांदाच नाकाने माती ओढली आणि ते बोर नीट झाकून टाकले. मग ते उठले, ढोलीपाशी गेले आणि काट्या ओढून काढू लागले. एकेक करून बाकीचेही गेले. कोल्हा तिथेच सावलीत बसून राहिला, पण ठरावाचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

खार उन्हाळा संपला की गुरुजींच्या शाळेत शिकवायला परत जाणार होती. तसा शब्दही तिने दिला होता. पण ओढ्यावर उतरलेला बगळा नदीपलीकडे उडायला निघाला, तेव्हा तिने त्याच्याकडे निरोप दिला. "गुरुजींना सांग, मी येत नाही. इथे ढोलीपाशी पाठ करून बसायला कोणीतरी हवं आहे." मग ती अर्जुनाखाली गेली, ढोलीकडे पाठ करून बसली आणि आईची शेपटी आठवून तिने डोळे मिटून घेतले. मागे वाळक्या पानांवर लंगड्या पावलांचा आवाज आला. तिने मान वळवली नाही.

तात्पर्य : दुबळ्यासाठी ठेवलेला घास वाया जातो असे म्हणण्याआधी आपण कोणाच्या सावलीत बसलो आहोत ते पाहावे, आणि घास देताना घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, एवढे जपावे.