सगुणा कुंभारणीचा बोल

ऐका बायांनो, मातीमायेची कहाणी. आटपाट नगर, नगराला वेस, वेशीबाहेर कुंभारवाडा. तिथं एका घरी दोघी जावा नांदत होत्या. थोरली सगुणा, धाकटी येसू. राजाघरी लग्न निघालं की मांडवाची बोळकी याच घरातून जात. सगुणेनं ती गेरूनं चितारावी, डोईवर घ्यावी, वाजतगाजत वाड्यात न्यावी. राणीनं तिची ओटी भरावी. असा तिचा मान होता. त्या मानावर ती जगत होती.

चैत्रातली तीज आली. मातीमायेच्या देवळात बाया जमल्या. पायरीवर एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "बायांनो, बोलाचा वसा घ्या."

येसूनं विचारलं, "आजी, तो कसा घ्यावा?"

"आपला एक बोल निवडावा. ओल्या मातीला सांगावा. त्या मातीची पणती करावी, भाजावी. दिवेलागणीला लावावी, बोल म्हणावा. आज त्या बोलानं वागले का, हे मनाला विचारावं. उतू नये, मातू नये, घेतला बोल टाकू नये."

सगुणा हसली. "मला नको गं बाई. आमच्या सासूबाईंचे बोलच पुरून उरतात."

बाया हसल्या. येसूनं मात्र वसा घेतला.

मग काय झालं? येसूचं बोळकं वाजवावं तर घंटेसारखं वाजे. तिनं चितारलेली वेल सरळ चाले, तिचा मोर आता उडेल असा वाटे. सासू म्हणाली, "धाकटीचा हात बसला." सगुणेच्या छातीत निखारा पडला. सासरा म्हणाला, "असं काम माझ्या आईचं होतं." दुसरा निखारा पडला. सगुणेचा नवरा म्हणाला, "येसूचं बघून शीक जरा." तिसरा पडला, तो विझेना.

अशात राजकन्येचं लग्न निघालं. सासू म्हणाली, "यंदा बोळकी दोघींनी चितारावीत. राणीला आवडतील तिचा मान."

"मान माझा आहे, आत्याबाई."

"मान घराचा आहे, सूनबाई. माहेराहून नाही आणलास."

सगुणेला घास गोड लागेना. दिवेलागणीला ती येसूच्या दाराआड उभी राहिली. येसू पणतीपुढं हात जोडून म्हणाली, "सावकाश."

सगुणा मनात म्हणाली, एवढंच? हा तर मलाही येतो. मग तिनं मातीचा गोळा घेतला, त्याला 'सावकाश' सांगितलं, पणती केली. दुसऱ्या दिवसापासून वसा सुरू. येसू पाण्याला निघाली की म्हणे, "सावकाश गं, घागर फोडशील." सासू रागे भरली की म्हणे, "सावकाश, आत्याबाई, दम लागेल." नवरा जेवू लागला की म्हणे, "सावकाश, ठसका लागेल." सगळ्यांना म्हणाली, स्वतःला एकदाही म्हणाली नाही.

दोघींची बोळकी झाली. ती भाजायला आवा रचला, पेटवला. सासऱ्यानं बजावलं, "निवल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." दुपारी माणसं आडवी झाली. सगुणेला चैन कुठलं? तिची तडकली असतील का? माझी उजवी निघाली असतील का? मग तिनं राख सारली. मग वरचं खापर काढलं. मग आत डोकावली. गार वारा आत शिरला. तड्, तड्, तड्. येसूची फुटली, सगुणेचीही फुटली, एकही उरलं नाही.

माणसं धावत आली. सासूनं कपाळावर हात मारला. "हळदीच्या आत बोळकी गेली नाहीत तर राजा परगावचा कुंभार आणील. मान तुझाही गेला नि तिचाही गेला!"

येसू पुढं झाली. "अक्का, हात भाजला का? बघू."

तिनं शिवी दिली असती तर सगुणेला बरं वाटलं असतं. ती तडक देवळात गेली. "म्हातारे, तुझा बोल खोटा!"

"खोटा नाही, दुसरीचा आहे. दाराआडून आणलास."

"मग माझा कोणता?"

"घशात अडकतो तो."

 कोणता ते सगुणेला ठाऊक होतं. "आजी, दुसरा द्या."

"दुसरा नाही."

मग सगुणा घरी आली. येसू माती मळत होती. सगुणा जवळ गेली, माघारी फिरली. पुन्हा गेली, म्हणाली, "पाणी आहे का गं?" तिसऱ्यांदा गेली, भिंतीकडं बघत म्हणाली, "येसू, तुझी वेल चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली."

"अक्का, पुन्हा म्हणा!"

"पुन्हा नाही म्हणणार. माती दे."

तिनं ओल्या मातीला बोल सांगितला, 'चांगलं.' पण न बघता चांगलं कसं म्हणावं? म्हणून ती येसूचा हात बघू लागली. येसू बोळकं सावलीत वाळवी. रेघ ओढताना श्वास धरी. इतके दिवस शेजारी बसून सगुणेनं हे पाहिलंच नव्हतं. मग येसूनं चितारलं, सगुणेनं गेरू खलला. आवा पुन्हा पेटला. सगुणा राखणीला बसली. हात शिवशिवले, ते तिनं मांडीखाली दाबून धरले. आवा निवला. बोळकी अखंड निघाली.

रिवाजाप्रमाणं थोरलीनं ती डोईवर घेतली. येसू मागून चालली. वाड्यात राणी ओटी घेऊन उभी होती. म्हणाली, "सगुणे, यंदा तर कळस केलास. तुझ्याच हातची ना?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. येसू बोलणारी नव्हती. सगुणेच्या छातीत भडका उठला. ती म्हणाली, "नाही, राणीसाहेब. माझ्या धाकट्या जावेची. बघा, किती चांगली आहेत." नि बाजूला सरली.

राणीनं येसूची ओटी भरली. सगुणेनं ते उभ्यानं पाहिलं. जळायचं ते जळलंच, पण बोल टाकला नाही.

गोष्ट नगरात पसरली. लोक म्हणाले, ही बाई फुकट कुणाला चांगलं म्हणायची नाही. मग बाजारात गिऱ्हाईक मडकं उचली नि आधी सगुणेपुढं धरी. ती वाजवून बघे, उन्हात फिरवून बघे. 'चांगलं' म्हणाली तरच मडकं विकलं जाई. लग्नाचा मान वर्षा-दोन वर्षांनी यायचा. हा मान दर बाजारी दारात येऊ लागला.

मातीमाय, सगुणेच्या घशातला बोल मोकळा केलास, तसा या जावाजावांचा, नणंदाभावजयांचा, कहाणी ऐकणाऱ्या साऱ्या लेकीसुनांचा कर. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सांगितली. सांगणारीला फळली, ऐकणारीला फळो, इथं संपूर्ण होवो.