उंबरावरचा दोर

घाटावरचा दोर कोणी सोडून नेला? नवसूने अख्ख्या गावाला विचारलं, पण त्याला कोणीच उत्तर दिलं नाही.

नदीकाठच्या त्या गावात दौलत आणि नवसू हे होडी चालवणारे दोघे भोई भाऊ राहत. गावाखाली नदीला खोल डोह होता आणि डोहात भोवरा. काठच्या उंबरावर एक जाड दोर कायम टांगलेला असे. कोणी बुडू लागलं की दौलत तो कमरेला बांधून उडी घेई आणि नवसू काठावरून ओढून घेई. काम झालं की दोर पुन्हा फांदीवर. बैल बांधायलासुद्धा तो कोणी न्यायचा नाही, असा गावचा जुना रिवाज होता.

एकदा तालुक्याच्या एका मंडळाने स्पर्धा जाहीर केली. ज्याच्या शौर्याच्या व्हिडिओला मोबाइलवर सगळ्यांत जास्त मतं, त्याला रोख बक्षीस. गावाने बुडणाऱ्याला वाचवतानाचा दौलतचा व्हिडिओ पाठवला आणि मग गावाला दुसरं काही सुचेना. जो तो उठल्यासुटल्या मतं बघे. दौलत हसून म्हणे, "मतं बघा बाबांनो, पण एक डोळा डोहाकडेही असू द्या."

दौलत पहिला आला. गावाने मांडव घातला. पाहुणे येणार, गर्दी लोटणार, ती आवरायला दोर हवा होता. कोणीतरी जाऊन उंबरावरचा दोर काढून आणला.

समारंभाच्या दिवशी पाहुण्यांची एक लहान मुलगी पाणी बघायला गेली आणि घसरली. ओरडा ऐकून दोघे भाऊ धावले. नवसूचा हात फांदीकडे गेला. फांदी रिकामी होती.

"दादा, थांब. होडीतला दोर आणतो."

"तोवर पोर राहील का रे?" म्हणत दौलतने तशीच उडी घेतली. त्याने मुलीला काठाकडे ढकललं. नवसूने तिला वर घेतलं आणि वळून पाहिलं, तर पाण्यावर कोणी नव्हतं.

काठावर माणसं खूप होती. बहुतेकांच्या हातात मोबाइल होता.

या नव्या व्हिडिओला आधीपेक्षाही जास्त मतं पडली. मंडळाने बक्षीस दुप्पट केलं. दौलतचं तेरावं झालं आणि त्याच मांडवात नवसूला बोलावलं. सरपंचांनी हार घातला, पाकीट पुढे केलं.

नवसू म्हणाला, "आधी सांगा, दोर कोणी नेला?"

"नवसू, तो विषय आत्ता नको. पाकीट धर, फोटो होऊ दे."

पुढच्या रांगेतली म्हातारी म्हणाली, "घे रे लेकरा. तुझ्या भावाचं केवढं नाव झालं."

"नाव होतंच, आजी. दोर नव्हता."

नवसूचं डोकं फिरलं. गळ्यातला हार तोडून तो सरपंचांच्या अंगावर धावला. त्याने हात उगारला आणि तो तसाच राहिला. समोर गर्दी अडवायला बांधलेल्या दोराला धरून पाहुण्यांबरोबर पुन्हा आलेली, डोहातून वाचलेली तीच मुलगी झोके घेत होती. दोराच्या टोकाला दौलतच्या जुन्या सदऱ्याची चिंधी होती. ती नवसूनेच बांधली होती.

तो व्यासपीठावरून खाली उतरला आणि तिच्यापाशी बसला.

"सोड बाळ. हा घाटावर लागतो."

मुलीने दोर सोडला. नवसूने एकेक खांबाच्या गाठी सोडवल्या. गर्दी पुढे सरकली नाही. पाकीट सरपंचांच्या हातातच राहिलं.

नवसूने दोर खांद्यावर टाकला आणि घाटावर जाऊन उंबराला बांधला. यावेळी त्याने फांदी खालची निवडली, लहान पोराचाही हात पोचेल अशी. दोनदा ओढून पाहिलं. मग होडी पाण्यात लोटली आणि तो गाव सोडून गेला. त्या गावासाठी त्याने केलेलं ते शेवटचं काम.

तात्पर्य: जीव वाचवणाऱ्याच्या गळ्यात हार घालण्याआधी त्याचा दोर जागेवर आहे का, ते पाहावं.